जाळ्यांच्या खोलीची ब्लॉकची भिंत : सामान नेमकं किती लागतं?

पावसाळा तोंडावर आला की आपल्या काठच्या घरांत एकच प्रश्न फिरतो : यंदा जाळी, इंजिन, बर्फपेट्या ठेवायच्या कुठं? ताडपत्रीखाली ठेवली तर उंदीर कुरतडतात, उघड्यावर ठेवली तर उन्हानं नायलॉनचा धागा कुजतो आणि नदी चढली की रात्रीत सगळं पाण्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं होतं, हे निपाणी भागात कुणाला सांगायला नको. दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, कृष्णा या सगळ्या काठांनी ती दोन वर्षं बघितली आहेत.

म्हणून गेल्या काही हंगामांत बऱ्याच होडीमालकांनी सिमेंट ब्लॉकची पक्की खोली बांधायला घेतली. काम चांगलं आहे, पण बहुतेक ठिकाणी सामानाचा अंदाज डोळ्यानं काढला जातो. "सहाशे ब्लॉक टाका, वीस पोती आणा, वाळू बघू." मग होतं काय? ब्लॉक कमी पडले तर शेवटच्या दोन थरांसाठी पुन्हा गाडीभाडं. सिमेंट जास्त झालं तर उरलेली पोती पावसाळ्यात दगड. आणि भिंत अर्धवट राहून वर पत्रा नाही, तोवर मृगाचा पाऊस हजर. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा यात जातो. त्यासाठी हा हिशोब आम्ही सविस्तर मांडतोय. वही घ्या, पेन घ्या आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा. बेरीज-गुणाकाराच्या पलीकडं यात काही नाही.

आपली नमुना खोली

बाहेरून मापलेली २० फूट लांब, १२ फूट रुंद खोली धरू. भिंत ६ इंची ब्लॉकची. जोत्यापासून वर ब्लॉकचे १३ थर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. अकराव्या थरानंतर सहा इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी. म्हणजे एकूण उंची ९ फूट. एक दार ४ बाय ७ फुटांचं. दोन खिडक्या ४० इंच रुंद, ३२ इंच उंच. वर पत्रा, त्याचा उतार लोखंडी पाइपांवर काढलेला, त्यामुळं चारही भिंती सारख्या उंचीच्या.

पाया आणि जोतं या हिशोबात धरलेलं नाही. नदीकाठच्या काळ्या मातीत पाया वेगळा लागतो आणि खानापूरकडच्या लाल, मुरमाड जमिनीत वेगळा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तडे तिथूनच सुरू होतात. पाया किती खोल घ्यायचा ते खड्डा काढून, जागा बघून अभियंत्यालाच ठरवू द्या.

पायरी १ : भिंतीची लांबी

बाहेरून मोजलं तर २० + १२ + २० + १२ = ६४ फूट. पण असं धरलं तर चारही कोपरे दोनदा मोजले जातात. प्रत्येक कोपऱ्यात ६ इंच जास्त, चार कोपऱ्यांत २ फूट. म्हणून खरी लांबी ६२ फूट. गवंडी याला मध्यरेषेचं माप म्हणतात : भिंतीच्या जाडीच्या बरोबर मधून जाणारी दोरी धरायची. १९.५ आणि ११.५ यांची बेरीज ३१, दुप्पट केली की ६२. दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

पायरी २ : क्षेत्रफळ

६२ फूट गुणिले ८.५ फूट = ५२७ चौरस फूट.
दार : ४ × ७ = २८ चौरस फूट.
खिडक्या : प्रत्येकी सुमारे ९, दोन्ही मिळून १८ चौरस फूट.
वजा जाता : ५२७ − ४६ = ४८१ चौरस फूट.

पट्ट्याची जागा आपण आधीच वगळली आहे, कारण उंची ९ नाही, ८.५ धरली. ही चूक बऱ्याच अंदाजपत्रकांत दिसते : पट्ट्याच्या जागेतही ब्लॉक मोजलेले असतात आणि पट्ट्याचं काँक्रीट वेगळं मोजलेलं असतं. एकाच जागेचे दोनदा पैसे.

कुणाच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी उतार असेल, तर १२ फुटी बाजूंवर तिकोनी भिंत येते. तिचं माप पाया गुणिले उंची भागिले दोन. तिकोनाची उंची ३ फूट असेल तर १२ × ३ ÷ २ = १८ चौरस फूट, एका बाजूला. तिथं ब्लॉक तिरके कापावे लागतात, म्हणून त्या भागासाठी तुटफूट दुप्पट धरा.

पायरी ३ : ब्लॉक किती?

इथं जरा थांबा. आपल्याकडं सगळे "सहा इंची ब्लॉक" म्हणतात, पण तो सहा इंच म्हणजे फक्त जाडी. समोरून दिसणारं माप प्रत्येक कारखान्याचं थोडं वेगळं असतं. काँक्रीट ब्लॉकचं भारतीय मानक आहे आयएस २१८५. त्यात नेहमीचा ब्लॉक ४०० × २०० मिलिमीटरचा म्हणतात, पण ते माप सांध्यासकट आहे. ब्लॉक स्वतः ३९० × १९० असतो आणि १० मिलिमीटर सांधा धरून ४०० × २०० ची जागा भरतो.

त्या हिशोबानं एक चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक. आपल्या भाषेत १०० चौरस फुटांना ११६ ब्लॉक.

४८१ चौरस फूट × १.१६ = ५५८ ब्लॉक.

पण काही गावठी साच्यांतला ब्लॉक भरून १६ × ८ इंच असतो, सांधा त्याच्या बाहेर. तसा ब्लॉक असेल तर १०० चौरस फुटांना साधारण १०५ पुरतात आणि आपल्या खोलीला ५०३ च लागतात. नाव एकच "सहा इंची", फरक ५५ ब्लॉकांचा! म्हणून ऑर्डर देण्याआधी कारखान्यावर टेप घेऊन जा, दहा ब्लॉक मोजा, सरासरी काढा. दर विचारतानाही हे लक्षात ठेवा. लहान माप स्वस्त दिसतं, पण भिंत भरायला जास्त नग लागतात.

थरांनी पडताळा घ्या. ६२ फूट लांबीत एका थराला ४७ ब्लॉक बसतात. १३ थर म्हणजे ६११. दार-खिडक्यांचे ४६ चौरस फूट म्हणजे ५३ ब्लॉक वजा. राहिले ५५८. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, म्हणजे हिशोब बरोबर.

आता तुटफूट. गाडीतून उतरवताना कडा जातात, कोपऱ्यात आणि चौकटीजवळ अर्धे तुकडे लागतात. ५ टक्के धरा, म्हणजे २८. एकूण ५८६, आपण ५९० मागवू. शेतातल्या कच्च्या रस्त्यानं ट्रॉली जाणार असेल तर ७ टक्के धरा. खिडकीची रुंदी ४० इंच का घेतली? तीन फुटी खिडकी घेतली तर ब्लॉक विचित्र मापात कापावा लागतो. दार-खिडकीची मापं ८ इंचांच्या पटीत ठेवली की अर्ध्या ब्लॉकवर काम भागतं आणि तुटफूट कमी होते.

वजनही बघून ठेवा. भरीव सहा इंची ब्लॉक २५ किलोच्या आसपास जातो. ५९० ब्लॉक म्हणजे पावणेपंधरा टन. एका खेपेत येणारा माल नाही हा. ट्रॉली जागेपर्यंत जाते की दोनशे पावलं अलीकडं थांबते, ते आधीच ठरवा. नाहीतर डोक्यावरून वाहण्याची मजुरी वेगळी बसते.

पायरी ४ : सांध्याचा माल

एका ब्लॉकच्या खाली आणि एका बाजूला १० मिलिमीटर माल लागतो. सहा इंची भिंतीत तो जवळपास ०.८९ लिटर भरतो. म्हणजे एका ब्लॉकला एक लिटरला थोडा कमी.

५५८ ब्लॉकांना साधारण ४९५ लिटर, म्हणजे साडेसतरा घनफूट ओला माल. पण गवंड्याचा सांधा प्रत्येक ठिकाणी दहा मिलिमीटरचा राहत नाही, काही माल खाली पडतो, काही घमेल्यात सुकतो. म्हणून २५ टक्के वाढवा : २२ घनफूट. कोरडं सिमेंट आणि वाळू पाण्यात मिसळली की आकारमान आवळतं, म्हणून ओल्या मालाला १.३३ नं गुणायचं : २९ घनफूट कोरडा माल.

प्रमाण १:६ घेतलं तर सात भाग झाले. सिमेंट एक भाग : ४.१ घनफूट. ५० किलोच्या पोत्यात सव्वा घनफुटाच्या आसपास सिमेंट असतं, म्हणून ३.३ पोती. मागवा ४. वाळू सहा भाग : २५ घनफूट, म्हणजे पाव ब्रास.

लक्षात ठेवायला सोपा आकडा, १०० चौरस फूट भिंतीसाठी, १:६ प्रमाणात :
४ इंची भिंत : अर्धं पोतं सिमेंट, साडेतीन घनफूट वाळू.
६ इंची भिंत : पाऊण पोत्याला थोडं कमी, सव्वापाच घनफूट वाळू.
८ इंची भिंत : एक पोत्याला थोडं कमी, सात घनफूट वाळू.

पायरी ५ : काँक्रीटचा पट्टा

बेळगाव जिल्हा भूकंपाच्या दृष्टीनं तिसऱ्या विभागात धरला जातो. त्याशिवाय पुराचं पाणी आणि वाऱ्यानं उचलला जाणारा पत्रा, या दोन्हींसाठी चारही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा हवाच. काहीजण फक्त दार-खिडकीवर लिंटेल टाकून पैसे वाचवतात. तसं करू नका, पट्टा अखंड फिरला पाहिजे.

६२ × ०.५ × ०.५ = १५.५ घनफूट काँक्रीट. कोरड्या मालासाठी १.५४ नं गुणलं की २४ घनफूट. १:दीड:३ या प्रमाणात सिमेंट साडेतीन पोती, वाळू साडेसहा घनफूट, खडी १३ घनफूट.

सळी : १० मिलिमीटरच्या चार, सगळीकडं फिरत्या. ६२ × ४ = २४८ फूट, जोडासाठी १० टक्के वाढवून २७३ फूट, म्हणजे ८३ मीटर. सळीचं वजन काढायचं सूत्र पाठ करा : जाडीचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. १० मिलिमीटरला ०.६१७. ८३ × ०.६१७ = ५१ किलो. सहा मिलिमीटरच्या रिंगा दर सहा इंचाला, १२४ नग, त्यांचं साधारण १४ किलो. एकूण ६५ किलो. दुकानदार नगावर देत असेल तरी वजन करून घ्या आणि या सूत्राशी ताडून बघा. हलकी सळी लगेच उघडी पडते.

पायरी ६ : गिलावा

बहुतेकांचा अंदाज चुकतो तो इथं. भिंत बांधायला चार पोती लागली, म्हणून गिलाव्यालाही चार लागतील असं वाटतं. तसं नसतं.

आतलं क्षेत्र : आतली लांबी ६० फूट × ९ = ५४०, वजा ४६, राहिले ४९४ चौरस फूट.
बाहेरचं : ६४ × ९ = ५७६, वजा ४६, अधिक दार-खिडक्यांच्या कडांचे २१, झाले ५५१ चौरस फूट.
एकूण १०४५ चौरस फूट. भिंतीच्या दुपटीहून जास्त!

आत १२ मिलिमीटर, बाहेर १५ मिलिमीटर जाडी धरली तर ४६.५ घनफूट ओला माल. खड्डे आणि सांडण यासाठी २० टक्के, मग १.३३ नं गुणून ७४ घनफूट. १:५ प्रमाणात सहा भाग. सिमेंट १२.४ घनफूट म्हणजे १० पोती, वाळू ६२ घनफूट.

सोपी खूण : १०० चौरस फूट गिलाव्याला एक पोतं आणि सहा घनफूट वाळू. पैसे कमी पडत असतील तर पहिल्या वर्षी बाहेरचा गिलावा करा, आतला पुढच्या वर्षावर ठेवा. पावसाचा मारा बाहेरून असतो.

मजुरीचं माप मात्र वेगळं असतं. सरकारी मोजमापाच्या मानकात, आयएस १२०० मध्ये, अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीची वजावट गिलाव्यात एकाच बाजूची करतात आणि कडांचे पैसे वेगळे देत नाहीत. आपलं दार २.६ चौरस मीटरचं, खिडक्या त्याहून लहान. म्हणजे त्या पद्धतीनं मजुरीचं माप ५४० + ५७६ − ४६ = १०७० चौरस फूट येतं. सामानाचं १०४५, मजुरीचं १०७०. यात गवंडी फसवत नाही, मोजायची रीतच तशी आहे. पण कोणत्या रीतीनं मोजणार हे कामाआधी बोलून कागदावर घ्या, म्हणजे शेवटी वाद नाही.

सगळं मिळून

ब्लॉक : ५९०
सिमेंट : बांधकाम ४, पट्टा ४, गिलावा १०. एकूण १८ पोती.
वाळू : २५ + ६.५ + ६२ = ९३.५ घनफूट. म्हणजे एक ब्रास.
खडी : १३ घनफूट
सळी : ६५ किलो

पुढं आपापल्या गावचा दर लावा. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, कागल, गडहिंग्लज, प्रत्येक ठिकाणी दर आणि भाडं वेगळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं अंदाजपत्रक खिशात घेऊन कुणी फिरत असेल, तर ते नव्यानं करून घ्या.

ब्रास की टन?

सीमाभागात राहण्याची एक गंमत आहे. कागलकडचा माणूस वाळू ब्रासनं बोलतो आणि इकडं एम सँडचं बिल टनात येतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू असेल तर ती साधारण साडेचार टन भरते. दोन ठिकाणचे दर तुलनेला घेताना आधी एकाच मापात आणा. आणि ट्रॉली आल्यावर आतून लांबी, रुंदी, भरलेली उंची टेपनं मोजा. तिघांचा गुणाकार म्हणजे घनफूट. हे दोन मिनिटांचं काम आहे.

ओली वाळू फुगते. बारीक वाळू दमट असली तर आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकतं. म्हणजे पूर्ण ब्रासचे पैसे देऊन हातात कमी वाळू येते. तपासायचं असेल तर बरणीत दमट वाळू भरा, उंची मोजा, मग पाण्यात पूर्ण बुडवून हलवा आणि बसल्यावर पुन्हा मोजा. जेवढी खाली बसली तेवढी ती फुगलेली होती. त्याच बरणीत चिमूटभर मीठ टाकून तासभर ठेवली तर वर गाळाचा थर दिसतो. बारा सेंटिमीटर वाळूवर एक सेंटिमीटरहून जास्त गाळ असेल तर ती वाळू गिलाव्याला नको.

नदीतून रात्रीत उपसलेली वाळू स्वस्त मिळते म्हणून कुणी भुलू नये. ती बेकायदा तर आहेच, पण काठची वाळू आणि उथळ पाणी ही आपल्या मासळीची अंडी घालायची जागा आहे. आपल्याच पाण्याची कूस खरवडून आपल्याच जाळ्यांना घर बांधण्यात काय अर्थ?

पुरात भिंत का पडते?

नदीकाठच्या खोलीला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बाहेर तीन फूट पाणी चढलं आणि आत खोली कोरडी असली, तर २० फुटांच्या लांब भिंतीवर साधारण अडीच टनांचा रेटा येतो. पाणी दुप्पट उंच झालं की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. सहा इंची भिंत हे सोसत नाही. दार घट्ट बंद करून, फटी बुजवून पाणी बाहेर ठेवायला जाणारा माणूस नकळत भिंत पाडायची तयारी करत असतो.

उपाय साधा आहे : पाणी आत येऊ द्या. आत-बाहेर पातळी सारखी झाली की रेटा उरत नाही. अमेरिकेच्या आपत्ती खात्याचा, फेमाचा नियम आहे की पूरपातळीखालच्या बंदिस्त जागेला दर चौरस फुटामागं एक चौरस इंच मोकळं छिद्र हवं, वेगवेगळ्या भिंतींत किमान दोन छिद्रं आणि ती जमिनीपासून एक फुटाच्या आत. आपली खोली आतून १९ × ११ = २०९ चौरस फूट, म्हणजे २०९ चौरस इंच. एका ब्लॉकची जागा १६ × ८ = १२८ चौरस इंच. दोन ब्लॉकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या की भागलं! पण उंदरांसाठी जाळी लावावी लागते आणि पुरात तीत कचरा अडकतो, म्हणून चार ठेवा, समोरासमोर दोन-दोन. चार ब्लॉक वाचले ते वेगळंच. जाळी बिजागरीची करा, पूर यायच्या आधी उघडता यावी.

आणि मग आतलं सामान वर. आपापल्या वाडीत २०१९ च्या पाण्याची खूण कुठं आहे ती बघा, जोत्यापासून मोजा. इंजिन आणि जाळ्यांचा माळा त्याच्या वर आला पाहिजे. खूण भिंतीच्याच वर जात असेल तर ती जागा सोडा, कितीही पक्की भिंत तिथं उपयोगाची नाही. धरणाच्या जमिनीत किंवा पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम करायचं असेल तर आधी ग्रामपंचायत आणि पाटबंधारे खात्याकडं विचारा. पाडायची नोटीस आली तर हा सगळा हिशोब पाण्यात.

गवंड्याशी बोलायच्या चार गोष्टी

एक, ब्लॉक विटेसारखा पाण्यात बुडवायचा नाही. वीट पाणी पिते म्हणून भिजवतात. काँक्रीटचा ब्लॉक भिजून फुगतो आणि वाळताना आकसतो, मग सांध्याला तडे. वरून हलका ओलावा पुरे.

दोन, ब्लॉक टाकल्यापासून २८ दिवस झालेला घ्या. कारखान्यावर तारीख विचारा. कोपरा नखानं खरवडला आणि भुगा पडला तर तो ब्लॉक परत.

तीन, माल घमेल्याच्या अंदाजानं नको. ४० × ३५ × २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी करून घ्या, ती ३५ लिटरची होते, म्हणजे एका पोत्याएवढी. एक पोतं, सहा पेट्या वाळू. भरलेलं घमेलं आणि शिगोशीग घमेलं यात वाळूचा फरक किती पडतो ते एकदा ओतून बघा.

चार, दिवसाला सहा थरांहून जास्त चढवू नका. खालचा सांधा ओला असताना वर वजन आलं की भिंत ओळंब्यातून जाते.

कधी मागवायचं?

मागून मोजा. मेअखेर पत्रा चढला पाहिजे. थर, पट्टा, त्याला पाणी मारणं, वरचे दोन थर, गिलावा आणि त्याचं पाणी, मिळून पंचवीस दिवस. ब्लॉक नवे टाकून घ्यायचे असतील तर त्याआधी २८ दिवस. म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा ही शेवटची तारीख. मध्ये वळीव दोन-चार दिवस खाणारच, म्हणून गुढीपाडव्याच्या आसपास ऑर्डर गेलेली बरी. पाया त्या २८ दिवसांत उरकतो.

सिमेंट मात्र एकदम अठरा पोती आणू नका. आधी आठ आणा, गिलाव्याच्या वेळी दहा. पोती फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब, वर ताडपत्री. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नका. पोत्यात हात घालून बघा : पिठासारखं मऊ आणि थंड लागलं तर चांगलं, खडे लागले तर नको.

ज्यांची खोली वेगळ्या मापाची आहे त्यांनी लांबी, उंची आणि दार-खिडक्या लिहून सोसायटीच्या कार्यालयात आणाव्यात, आम्ही बसून हिशोब करून देऊ. गवंडी, दुकानदार आणि ट्रॉलीवाला, तिघांशी बोलताना तुमच्या हातात तुमचा कागद असू द्या. जाळं विणताना आपण एकेक डोळा मोजतो. भिंत बांधताना एकेक ब्लॉक मोजायला काय हरकत आहे?